मंठा रोडने जाणारा मोबाइल

मुंजाभाऊंना कुणाचाही फोन नंबर विचारला की ते आधी जालना सोडतात. बसल्या जागेवरूनच सोडतात. ओट्यावर मांडी घालून, मांडीवर फाटकी डायरी ठेवून आणि डोळे अर्धवट मिटून ते मंठा चौफुलीवर येतात आणि तिथून पुढे निघतात. नंबर ज्याचा हवा तो माणूस जिथे राहत असेल तिथे पोचेपर्यंत वाट पाहण्याची तुमची तयारी हवी.

एकदा आमची पाण्याची मोटर जळाली. नळाला पाणी आठ दिवसांनी आलं होतं आणि तासाभरात जाणार होतं. मी धावत समोर गेलो आणि मोटर वाइंडिंग करणाऱ्याचा नंबर मागितला. भाऊ म्हणाले, "बसा सर. चला, मंठा चौफुलीवरून निघू." आम्ही निघालो. रामनगरला मुक्काम लांबला, कारण तिथल्या एका बागाईतदाराच्या मुलीचं लग्न दोनदा ठरून मोडलं होतं आणि दोन्ही वेळची कारणं वेगळी होती. मग आम्ही वाटूर गाठलं, वाटूर सोडलं, आणि पुढच्या एका खेड्यात उजव्या हाताला वाइंडिंगवाला सापडला. मी फोन लावला तेव्हा कळलं की तो माणूस गेली नऊ वर्षं आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. त्याचं दुकान मी रोज पाहत होतो. पण भाऊंच्या डायरीत तो त्याच्या मूळ गावीच होता. "राहतो इथं," भाऊ म्हणाले, "पण हाय तिथला." तोवर नळ गेला होता.

मुंजाभाऊ मोसंबीचे दलाल. आमच्या जिल्ह्यात मोसंबी पिकते आणि दिल्ली-कलकत्त्याला जाते. ती पिकवणारा आणि ती नेणारा यांच्या मध्ये जो माणूस बागेत वाकून फिरतो, फळ हातात घेऊन तोंड वाकडं करतो आणि शेवटी दोघांनाही आपणच फसलो असं वाटेल असा भाव ठरवून देतो, तो दलाल. भाऊंनी हे काम तीस वर्षं केलं. मी इथल्या कॉलेजात इतिहास शिकवतो आणि जुन्या जालन्यात त्यांच्या समोरच्या घरात राहतो. इतिहासाच्या माणसाला शेजारी निवडता येत नाही, पण कधी कधी शेजारीच अभ्यासाचा विषय होऊन बसतो.

ती डायरी मुळात एका कीटकनाशक कंपनीची होती. कंपनीने त्यात तारखा छापल्या होत्या, भाऊंनी त्या मानल्या नव्हत्या. डायरी त्यांनी रस्त्यांवर बसवली होती. मंठा रोड, अंबड रोड, भोकरदन रोड आणि देऊळगाव राजा रोड, असे चार भाग. प्रत्येक भाग जालन्यातून निघायचा. डाव्या पानावर रस्त्याच्या डाव्या हाताची माणसं, उजव्या पानावर उजव्या हाताची. जिथे फाटा फुटतो तिथे पानाला खळीने चिकटवलेली लांब पट्टी. वाटूरच्या पानावरची पट्टी उलगडली की ती परतूरला जायची. घडी घातली की तुम्ही पुन्हा मंठा रोडवर.

असं का, तर भाऊंच्या मते नावाला काही अर्थ नसतो. पाटील म्हणून हाक मारली तर निम्मा तालुका वळून बघतो. भाऊसाहेब, आबा, नाना हे तर प्रत्येक गावात दर गल्लीला एक. "नाव कोणाचंबी असतं," ते म्हणत. "बाग एकाच जागी असते. झाड कुठं उठून जातं का?" जुन्या काळचे प्रवासी अशाच वह्या ठेवत. कुठून निघालो, डावीकडे काय, उजवीकडे काय. त्यांना आम्ही वर्गात विद्वान म्हणून शिकवतो. भाऊंना त्यांची बायको येडं म्हणते. फरक फक्त काळाचा आहे.

कौसल्यावहिनींचा या डायरीवर जुना राग. एकदा त्यांच्या माहेरी निरोप द्यायचा होता तर भाऊ त्यांच्या भावाचा नंबर काढायला अंबड रोडने निघाले आणि मधल्या एका गावात बागेच्या सौद्याची आठवण निघून तिथेच थांबले. वहिनींचा भाऊ शेवटी स्वतःच आला. त्या दिवसापासून वहिनी म्हणतात, "यांना फोन कशाला देता. खिशात मावणारी एसटी घेऊन द्या."

फोन मात्र आला. हे साधारण दोन हजार सात-आठचं. तोवर बाजारात प्रत्येकाच्या कमरेला चामडी पाकिटातला मोबाइल आला होता आणि पाकीट जितकं मोठं तितका माणूस मोठा अशी समजूत रुजली होती. एक व्यापारी दोन मोबाइल बाळगत असे आणि दोन्ही वाजले की एकमेकांशी ओळख करून द्यावी तसा तो दोघांकडे पाहत असे. भाऊंचा मुलगा प्रशांत पुण्याला संगणकाच्या कंपनीत होता. त्याने वडिलांना साधा बटणाचा मोबाइल आणून दिला आणि डायरीतले नंबर त्यात भरायला सांगितलं.

भाऊंनी भरायला सुरुवात केली. अर्थात रस्त्याने. मंठा रोड पूर्ण झाला, अंबड रोड झाला, भोकरदनला निघाले आणि राजूरच्या गणपतीपाशी फोनने आता जागा नाही असं कळवलं. फोनमध्ये पाचशे नावं मावत होती. भाऊ तो फोन हातात धरून माझ्याकडे आले. "सर, हा राजूरला भरला," ते म्हणाले. "पुढं भोकरदनपर्यंत माणसं न्हाईत का?"

आत गेलेल्या पाचशेंचंही काही खरं नव्हतं. भाऊंच्या डायरीत निम्म्या नंबरांपुढे पी.पी. लिहिलेलं. ज्यांना तो काळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फोन गावात एखाद्याकडे असायचा, बहुधा किराणा दुकानदाराकडे. त्याला फोन करून सांगायचं की अमक्याला बोलवा, मी दहा मिनिटांनी पुन्हा करतो. त्यामुळे एक नंबर आठ-दहा जणांचा असे. भाऊंनी तो नंबर आठ जणांच्या नावावर आठ वेळा भरला. परिणाम असा झाला की त्या गावातून फोन आला की मोबाइलला कुणाचं नाव दाखवावं ते कळेना आणि तो नुसता नंबर दाखवी. भाऊ चिडत. आठ-आठ माणसं भरूनही एकाला ओळखत नाही म्हणजे हा फोन आहे की सरकारी कचेरी, असा त्यांचा सवाल होता. पुढे त्यातल्या बहुतेकांनी स्वतःचे मोबाइल घेतले आणि भाऊंनी एकेकाचा नवा नंबर मिळवून डायरीत जुन्याच्या वर बारीक अक्षरात चढवला. डायरी आता अशा अवस्थेत होती की उघडताना परतूर गळून पडायचं.

तेव्हा ठरलं की मोठा मोबाइल घ्यायचा. ज्याला स्मार्टफोन म्हणत होते तो. प्रशांतने पुण्याहून आणतो म्हटलं, पण भाऊंना ते मान्य नव्हतं. धंद्याची वस्तू माणसाने स्वतः पारखून घ्यावी. बाग काय फोनवर घेतो का आपण? मला बरोबर घेतलं कारण मला इंग्रजी येतं असा त्यांचा समज होता. आम्ही नव्या जालन्यात शकीलभाईंच्या दुकानात गेलो. शकीलभाई मोबाइल विकत आणि दुरुस्त करत, आणि माणूस सहनशील होता. आमच्यामुळे त्याची ती ख्याती थोडी कमी झाली.

भाऊंनी फोन पारखायच्या कसोट्या ठरवून ठेवल्या होत्या. पहिली कसोटी खिशाची. मोसंबीचं झाड बुटकं असतं आणि खालच्या फांद्या जमिनीला टेकतात, त्यामुळे दलाल दिवसभर वाकलेला असतो. सदऱ्याच्या वरच्या खिशातून फोन पडता कामा नये. भाऊ एकेक फोन खिशात घालून काउंटरपुढे वाकत, डावीकडे बघत, उजवीकडे बघत, एक अदृश्य फळ फिरवून बघत आणि उभे राहत. दुकानातली गिऱ्हाइकं ते पाहायला थांबली. एका बाईने शकीलभाईंना हळूच विचारलं की यांना काही होतंय का.

दुसरी कसोटी एका हाताची. दुसरा हात फांदी धरायला लागतो. यात काडीने टोचून चालवायचे सगळे फोन बाद झाले. तिसरी कसोटी उन्हाची. भाऊ फोन घेऊन भर दुपारी रस्त्याच्या मध्ये गेले आणि पडद्यावर दिसतंय का ते पाहू लागले. ऑटोवाल्यांनी दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजवले. भाऊंनी त्यांना हाताने थांबवलं आणि मला हाक मारून सांगितलं की या फोनमध्ये ऑटो दिसून राह्यला, अक्षर न्हाई.

चौथी कसोटी सगळ्यांत अवघड. सगळे फोन नावं अकारविल्हे लावत. भाऊंना ती रस्त्याने लावून हवी होती. शकीलभाईंनी समजावलं, "भाऊ, आप सिर्फ नाम डालो. फोन खुद लगा लेता." भाऊ म्हणाले की लावतो, पण कसा लावतो ते पाहा. अंबडचा आबा आणि भोकरदनचा आबासाहेब शेजारी बसवतो. त्या दोघांमध्ये पाऊणशे किलोमीटर आहे आणि शिवाय त्यांचं आपसात बोलणं नाही. आम्ही पाच वेळा गेलो. पाचव्या खेपेला शकीलभाईंनी दोन्ही हात काउंटरवर टेकले.

"भाऊ," ते म्हणाले, "आपको फोन नै होना. आपको तलाठी होना."

भाऊंना हे अपमानाचं वाटलं नाही. उलट त्यांनी विचार केला आणि सांगितलं की तलाठी बरा, पण तो वेळेवर भेटत नाही.

तोडगा मी काढला. इतक्या वर्षांत माझं इतिहासाचं ज्ञान प्रथमच कुणाच्या उपयोगी पडलं, म्हणून थोडा अभिमान बाळगतो. फोन नावं लावतो ते पहिल्या अक्षरावरून, मग नावाआधी आपणच अक्षर आणि आकडा टाकायचा. मंठा रोड म्हणजे ए, अंबड रोड म्हणजे बी, असं. पुढे किलोमीटरचा दगड. पुढे डावा-उजवा. मग नाव. फोनला वाटेल तो अक्षरं लावतोय, प्रत्यक्षात तो मंठ्याला निघालेला असेल. भाऊंनी हे दोनदा समजून घेतलं. मग त्यांनी विचारलं की चौदा आणि पंधराच्या मध्ये नवी बाग लागली तर. मी म्हटलं, साडेचौदा. भाऊंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तेवढ्या आदराने आजवर माझ्या एकाही विद्यार्थ्याने पाहिलेलं नाही.

फोन घेतला. कमी चकचकीत, जाडजूड, बटणांचाच पण हजार नावं मावणारा, खिशातून न पडणारा आणि उन्हात दिसणारा. शकीलभाईंनी तो खोक्यात घालून दिला आणि दुकानाचं शटर थोडं खाली ओढलं.

आता नंबर भरायचे होते आणि इथे प्रशांतने मला फोन केला. त्याचं म्हणणं सरळ होतं. बाबांच्या डायरीत सहाशेच्या वर माणसं आहेत. त्यातली कामाची किती? धंदा आता पूर्वीसारखा राहिला नाही, दिल्लीचे व्यापारी मोबाइलवरून थेट बागवाल्यांशी बोलतात. बाबा मात्र दिवसभर फोनवर असतात आणि बिल तो भरतो. ज्यांच्याकडे माल आहे तेवढेच नंबर ठेवायचे, बाकीचे गाळायचे. "सर, तुम्ही शेजारी बसा," तो म्हणाला, "नाही तर ते सगळी डायरी भरतील. बाग आहे का विचारा. बाग नसेल तर नाव नाही."

मला ते पटलं. मी कोणत्याही यादीतून नावं गाळायच्या बाजूचा माणूस आहे. भाऊंना मी प्रशांतची अट सांगितली. ते बराच वेळ डायरीची पट्टी उलगडत आणि मिटत बसले. मग म्हणाले, "बराबर हाय. धंद्याचा फोन हाय. बागवालेच ठेवू."

तीन रविवार आम्ही बसलो. दुपारच्या जेवणानंतर मी त्यांच्या ओट्यावर जायचो, भाऊ डायरीतून वाचायचे, मी विचारायचो आणि भरायचो.

"मंठा रोड. दगड अकरा. डाव्या हाताला. दामूआण्णा."

"बाग?"

"हाय."

"दगड अकराच. उजव्या हाताला. सोपानराव."

"बाग?"

"हाय की."

पहिल्या रविवारी दोनशे माणसं झाली आणि प्रत्येकाची बाग होती. दुसऱ्या रविवारीही तेच. मला शंका येऊ लागली. मागची दोन-तीन वर्षं पाण्याची वाईट गेली होती. विहिरी आटल्या, टँकरने झाडं जगवायचा प्रयत्न झाला आणि अनेकांनी शेवटी बागा काढल्या हे पेपरात येऊन गेलं होतं. भाऊंच्या डायरीतल्या बागांना मात्र पाण्याची कधी कमतरता पडली नव्हती. मी एकदा सहज विचारलं की इतक्या सगळ्यांच्या बागा कशा टिकल्या. भाऊ म्हणाले की मोसंबी चिवट असते.

आतून वहिनी म्हणाल्या, "मोसंबीपेक्षा माणूस चिवट."

एक नाव मला चांगलं लक्षात राहिलं. हिवऱ्याचे नाना. मंठा रोडलाच, डाव्या हाताला. भाऊंनी नुसतं नाव न सांगता सगळी बाग सांगितली. विहिरीला लागून दोनशे झाडं, रोडवरून दिसतात, कडेला सुबाभळीची रांग. मी बाग असं विचारायच्या आतच त्यांनी आहे म्हणून टाकलं आणि घाईने पुढच्या दगडावर गेले. कुणी घाईने पुढच्या पानावर जातं तेव्हा मागच्या पानावर काही तरी असतं, एवढं इतिहास माणसाला शिकवतो.

तिसऱ्या रविवारनंतरच्या आठवड्यात मला मंठ्याला परीक्षेच्या कामावर जावं लागलं. रोडवरून बाग दिसते अशी डायरीतली डाव्या हाताची माणसं मी आधीच दगडांनुसार वहीत उतरवली होती आणि एसटीत डाव्या खिडकीशी बसलो. दगड आला की बाहेर बघायचं. दामूआण्णांची बाग नव्हती. तिथे कापूस होता. त्यापुढच्याची होती, पण अर्धी. त्यापुढच्याची नव्हती. हिवरा फाट्याला सुबाभळीची रांग दिसली, विहीर दिसली आणि विहिरीला लागून सपाट, नांगरलेलं रान. एकही झाड नव्हतं. बुंधेसुद्धा काढलेले. मंठ्याला पोचेपर्यंत डाव्या हाताच्या अकरापैकी सात बागा मी वहीत खोडल्या होत्या.

खोटा दस्तऐवज सापडल्यावर संशोधकाला जो आनंद होतो तो मला झाला. दोनच शक्यता होत्या. एक तर भाऊंना बागवाल्यांनी फसवलं होतं, किंवा भाऊ मला आणि मुलाला फसवत होते. दोन्हीही माझ्यासाठी सोयीच्या होत्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मी वही खिशात घालून समोर गेलो.

भाऊ ओट्यावर बसले होते. नवा फोन गुडघ्यावर होता आणि त्याचा स्पीकर चालू होता, कारण कानाला लावलं की त्यांना नीट ऐकू येत नसे. त्यांनी मला हाताने बसायची खूण केली. पडद्यावर मीच भरलेली अक्षरं होती. मंठा रोड, दगड, डावा, नाना.

"काय नाना," भाऊ म्हणाले, "ताण दिला का बागेला?"

मोसंबीला बहार यावा म्हणून काही आठवडे पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. फोनमधून म्हातारा, खरखरीत आवाज आला.

"दिला की. परवाच पाणी बंद केलं. पान थोडं पिवळं पडून राह्यलं."

"पडू द्या. जल्दी करू नका. गेल्या टायमाला तुम्ही जल्दी पाणी सोडलं."

"म्या सोडलं? तुम्हीच म्हणले व्हते सोडा म्हणून."

"आन् ते विहिरीजवळचं झाड?"

"त्याला टेकू द्यावा लागंल यंदा," नाना म्हणाले. "फांदी लदती त्याची. मागं तुम्ही पाह्यली न्हाई का."

"पाह्यली. पण नाना, साल जाड येती तुमची. दिल्लीवाला नाक मुरडतो."

 मग तो आवाज एकदम दहा वर्षांनी लहान झाला. माझ्या मोसंबीची साल जाड म्हणणारा पहिला दलाल तुम्हीच, नाना म्हणाले. तुमच्या दिल्लीवाल्याला सांगा, खायची असंल तर खा न्हाई तर संत्री खा. दोनशे झाडं हायेत, दुसरे दलाल दारात उभे हायेत. भाऊंनी सांगितलं की मग त्यांनाच द्या, उभे राहून त्यांचे पाय दुखले असतील. नाना म्हणाले, देईन. भाऊ म्हणाले, द्या. असं बराच वेळ चाललं. शेवटी नाना म्हणाले की एकदा बागेत येऊन पाहून तरी जा. भाऊंनी पोळा झाला की येतो म्हणून सांगितलं. मी पाहत होतो, दोघेही अगदी मन लावून भांडले होते.

फोन बंद झाला. भाऊंनी तो सदऱ्याला पुसला.

मी खिशाकडे हात नेला होता, तो तसाच राहिला. नुसतं म्हटलं, "भाऊ, काल मी मंठ्याला गेलो होतो. एसटीने."

"खिडकीला बसल्ते का?"

"हो."

"कोणत्या बाजूला?"

"डाव्या."

"मंग पाह्यलंच असंल," भाऊ म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गल्लीतून एक म्हैस जात होती, तिच्याकडे पाहत बोलले. नानांनी बाग तीन सालांखाली काढली. कुऱ्हाड लावायला माणसं आली तेव्हा नाना मंठ्याला जाऊन दोन दिवस एका ओळखीच्याच्या दुकानात बसून राहिले, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. झाडं होती तेव्हा दिवसाला पाच-पाच दलालांचे फोन येत. आता कुणीच फोन करत नाही. मुलं नाशिकला. घरात बाई नाही.

मी विचारलं, "आणि त्यांना ठाऊक आहे, तुम्हाला माहीत आहे ते?"

भाऊंनी फोन पुन्हा सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "त्यानं मला सांगितलं न्हाई, सर. मंग मला माहीत न्हाई."

सात नावं असलेली वही माझ्या खिशात होती. सात जणांना असे सात फोन जात असणार, आणि ते फक्त डाव्या हाताचे. उजव्या हाताला मी बघितलंच नव्हतं.

"प्रशांतला काय सांगता?" भाऊंनी विचारलं. या माणसाने मला शकीलभाईंकडे पाच खेपा घालायला लावल्या, पण कधी काही मागितलं नव्हतं. आताही मागितल्यासारखं वाटू नये याची ते काळजी घेत होते.

"बागा आहेत म्हणून सांगतो," मी म्हटलं. "मी स्वतः एसटीतून पाहून आलो."

"बराबर," भाऊ म्हणाले.

वहिनींनी चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे एकवार पाहून आत गेल्या. एवढ्यात फोन वाजला. नानाच होते. तुमचं मन मोडू नये म्हणून म्हणतो, ते म्हणाले, जरा खाली यायला मी तयार आहे, पण भाव आत्ताच बोला.

जुन्या दलालांचा एक रिवाज आहे. भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं धरून ठरवतात, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. फोनवर बोटं कशी धरणार? भाऊंनी स्पीकर बंद केला, खांद्यावरचा रुमाल काढून फोनवर आणि स्वतःच्या तोंडावर ओढला आणि त्याच्या आत हळू आवाजात नानांना भाव सांगू लागले.

मी तिसरा होतो. रिवाजाप्रमाणे मी तोंड फिरवून गल्लीकडे पाहत बसलो.